म्यान नसलेल्या सुऱ्या

मी जखम बोलतेय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण मी गोड बोलणार नाही. जुनी छत्री, फाटकं पुस्तक, वडाचं झाड, हे सगळे आपली कहाणी सांगतात तेव्हा त्यांचं एकच रडगाणं असतं: माणसांनी आम्हाला जपावं, विसरू नये. माझं उलटं आहे. मला मिटायचंय. जखमेला दुसरं काही कामच नसतं. आणि पाच महिने माणसांनी मला तेवढं एक काम करू दिलं नाही.

माझा पत्ता: रायपूर, चौबे कॉलनी, नरहरीचा उजवा तळपाय, अंगठ्याच्या मुळाशी. चालताना सगळा भार जिथे येतो, नेमकी तिथे. नरहरी चौसष्ट वर्षांचा, रेल्वेतून रिटायर झालेला, मूळचा अमरावतीकडचा. त्याला मी अहो-जाहो करणार नाही. ज्याच्या अंगात राहते त्याच्याशी कसली अदब!

माझा जन्म एप्रिलमधला. भाचीच्या लग्नात द्यायची भांडी घ्यायला नरहरी गोल बाजारात गेला होता. रस्त्यात कुठेतरी त्याच्या सँडलमध्ये तुरीच्या डाळीएवढा एक खडा शिरला. तुमच्या पायात शिरला असता तर तुम्ही दुसऱ्या पावलाला थांबला असता, भिंतीला हात टेकून सँडल झटकली असती. नरहरी पाच तास चालला. पितळी पातेली वाजवून पाहिली, घासाघीस केली, उसाचा रस प्याला, आणि पाच तास त्या खड्यावर अख्ख्या शरीराचा भार टाकत राहिला. त्याला कळलंच नाही. बारा वर्षांच्या शुगरने पायातल्या नसा केव्हाच बधिर केल्या होत्या. गोळी आठवली तर घ्यायची, नाही आठवली तर उद्या, अशी त्या शुगरची निगा.

संध्याकाळी त्याच्या बायकोला, पद्मिनीला, पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके दिसले. तिला वाटलं देव्हाऱ्यातलं कुंकू सांडलं. फडकं घेऊन पुसत पुसत ती त्याच्या खुर्चीपर्यंत आली.

"अहो, पाय वर करा बरं."

"काहून?"

"करा म्हणते ना."

तिने पाहिलं आणि ती खालीच बसली. "दुखून नाही राहिलं तुम्हाले?"

"काहीच नाही. खरचटलं असन."

खरचटलं असन. या दोन शब्दांवर पुढचे तीन महिने गेले. हळद-तूप लावलं, कोणी सांगितलं म्हणून झेंडूचा पाला वाटून बांधला. खपली धरली की झालं, असं सगळे म्हणायचे. खपली धरायची, नरहरी चार पावलं चालायचा, खपली निघायची.

आत काय चाललं होतं ते तुम्हाला दिसणार नाही, म्हणून सांगते. जखम झाली की शरीर सफाईचे कामगार पाठवतं. त्यांच्याजवळ सुऱ्या असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. मेलेलं मांस कापून काढायचं म्हणजे नव्याला जागा होते. दवाखान्यात या सुऱ्यांना प्रोटिएझ म्हणतात. सुऱ्या वाईट नाहीत. पहिल्या चार-पाच दिवसांत त्यांच्याशिवाय माझं पान हललं नसतं.

पण सुरीला जिवंत काय नि मेलेलं काय, कळत नाही. समोर येईल ते ती कापते. म्हणून शरीर सुऱ्यांच्या मागोमाग म्यानं पाठवतं, पात्यावर नेमकी बसणारी. काम झालं की म्यान चढतं, सुरी गप्प होते, आणि मग नवं मांस विणणारे निवांत बसून विणायला लागतात. या म्यानांचं नाव प्रोटिएझ इनहिबिटर. नाव विसरलात तरी चालेल. कापणं वेळेवर थांबलं तरच मी भरते, एवढं ध्यानात ठेवा.

माझ्यात ते थांबलं नाही. नरहरी रोज चालायचा, मी रोज नव्याने फाटायचे, रोज नवे सफाईवाले यायचे, नव्या सुऱ्या घेऊन. म्यानं कमी पडायला लागली. मग अशी वेळ आली की सुऱ्या म्यानंच कापायला लागल्या. विणणाऱ्यांनी सकाळी जाळं धरायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या चिंध्या. बोराएवढी होते, जुलै लागेस्तोवर लिंबाच्या चकतीएवढी झाले.

शेवटी वास आला. नरहरीच्या मुलीला, कौमुदीला. ती नवा रायपूरच्या एका ऑफिसात काम करते, मराठी सगळं समजतं पण बोलते हिंदीत. "बाबा, ये क्या पाल रखा है आपने?" असं म्हणत तिने त्याला स्कूटीवर बसवलं आणि जखमांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे निवेदिता दीदी भेटली. ड्रेसिंग करणारी सिस्टर, चाळिशीची. तिने मला सलाईनने धुतलं, माझ्यावर चौकटी आखलेला पारदर्शक कागद ठेवून पेनाने माझी कड गिरवली, खाली तारीख टाकली. इतक्या नीट मला कोणी पाहिलं नव्हतं. मग तिने एक पातळ पांढरी चकती माझ्या मापाची कापली.

"काका, इकडे पाहा. ही कोलाजनची चकती. तुमच्या जखमेत कापणारं लय वाढलंय अन् थांबवणारं कमी पडून राहिलंय. आता ते तुमचं मांस सोडून हिले खाईल. समजलं?"

"हव."

"दोन-तीन दिवसांत ही विरघळते. वर पांढरा-पिवळा लगदा दिसेल, दह्यासारखा. थोडा वास पण येईल. तो पू नाही. पुसायचा नाही, धुवायचा नाही, पट्टी उघडायचीच नाही. मंगळवारी अन् शनिवारी मीच उघडणार. ताप आला, पाय लाल झाला, सुजला, तर मात्र लगेच फोन करा. अन् पायावर भार द्यायचा नाही, ही वेगळी चप्पल घालायची. ठीक?"

"हव, हव."

नरहरीच्या 'हव'ला काही अर्थ नसतो. छत्तीस वर्षं तो प्रत्येक साहेबाला हव म्हणत आला. पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. चकती बसली आणि माझ्यात पहिल्यांदा जरा शांत झालं. सुऱ्या तिच्याकडे वळल्या. ती स्वतःला खाऊ देत होती आणि खाता खाता त्यांना धरूनही ठेवत होती. तेवढ्यात चार म्यानं शाबूत राहिली. माझ्या कडेला विणणाऱ्यांनी एक टाका घातला. एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता देवीदास आला.

देवीदास नरहरीचा थोरला भाऊ. एकाहत्तरचा, तात्यापाऱ्यात राहतो, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. वडील लवकर गेले तेव्हा त्याने नरहरीला शिकवलं, रायपूरला आणलं, रेल्वेत चिकटवलं. हे सगळं खरं आहे. पण एवढ्यावरून त्याला जखमेतलं कळतं, हे कोणी ठरवलं? खांद्यावर पंचा, हातात तपकिरी बाटली, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता मी आलो, बाकीच्यांनी सरका.

"नरू, दाखव पाय."

"दादा, सिस्टर नको म्हणते उघडायले."

"सिस्टरले काय कळते? काल-परवाची पोट्टी. काढ."

पट्टी निघाली. विरघळायला लागलेली चकती त्याला दिसली आणि तो एकदम उजळला. माणूस आपलं म्हणणं खरं झालं की उजळतो, मग त्यात कोणाचा पाय का जाईना.

"हे पाहा! पू झाला ना बे! अन् हे झाकून ठेवा म्हणतात! डोकं आहे का या लोकाइले?"

त्याने कापसाने ती चकती खरवडून काढली. मग बाटली उपडी केली. माझ्यावर पांढरा फेस उसळला.

"पाहा, पाहा, जंतू मरून राहिले."

जंतू! तो फेस जिवंत मांसावरही येतो. त्यात माझे विणणारे मेले आणि तो एक टाकाही गेला. सुऱ्या मात्र दुप्पट आल्या, कारण शरीराला वाटलं नवीन घाव बसला. नरहरी शांतपणे बसला होता. त्याला काही जाणवत नव्हतं ना!

पद्मिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ती थोरल्या दिराशी समोरासमोर एक शब्द बोललेली नाही. काही सांगायचं झालं तर चौकटीकडे बघून, हवेत सांगते. चहा झालाय म्हणावं. जेवायला थांबता का म्हणावं. त्या दिवशी ती चौकटीला म्हणाली, "दीदीनं उघडू नका म्हणून सांगितलं होतं म्हणावं."

देवीदासने मान वर केली नाही. "नरू, आज चहा होणार आहे की नाही तुह्या घरी?"

चहा झाला. नवी पट्टी देवीदासने स्वतः बांधली, वर सरकारी फाइलीला मारतात तशी गाठ.

हे रोज. कौमुदी साडेसहाच्या बसने ऑफिसला जायची, रविवारी उशिरापर्यंत झोपायची, तिला यातलं काही दिसायचं नाही. मंगळवारी आणि शनिवारी मात्र देवीदास उघडायचा नाही. म्हणायचा, "आज तिले पाहू दे, मी रात्रंदिवस राबतो ते कसं साफ आहे." आणि बाकीचे दिवस पाहुण्यांचे. यांच्या गोतावळ्यात आजाऱ्याला भेटायला आलं की नुसतं 'कसं आहे' विचारून भागत नाही. बघावं लागतं. पट्टी सोडली नाही तर पाहुण्याला वाटतं आपल्याला परकं केलं. भिलाईची शारदा मावशी चष्मा लावून वाकली आणि "अगं बाई" म्हणत पाच मिनिटं माझ्या तोंडावर श्वास सोडत राहिली. श्यामराव नावाचे शेजारी चिमट्याने टोचून म्हणाले, "खोल आहे हो." एकाने माझा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. अठरा जणांनी खाली हात जोडले.

मोठ्या माणसांचा एक रोग मी पाच महिन्यांत ओळखला. त्यांना काहीतरी करावंच लागतं. झाकून ठेव आणि बस, हे त्यांच्याच्याने होत नाही. हात थांबला की त्यांना आपण निकामी झालो असं वाटतं. मग दुसऱ्याचा पाय गेला तरी चालेल, आपला हात चालला पाहिजे.

पाच आठवडे. दर शनिवारी निवेदिता दीदी नवा कागद जुन्या कागदावर ठेवायची आणि तिच्या कपाळावर आठी पडायची. मी तसूभर हलले नव्हते. उलट आतून खोल चालले होते.

"काका, घरी कोणी उघडतं का?"

"नाही नाही. कोणीच नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मी त्या टेबलावर उघडी पडून हे ऐकत होते. एक शब्द बोलला असता तर सगळं थांबलं असतं. पण परक्या बाईसमोर दादाचं नाव घ्यायचं? दादाचं चुकलं म्हणायचं? त्यापेक्षा पाय गेलेला बरा. त्याने असा विचार केला असेल असंही नाही. त्याने विचारच केला नाही, नेहमीसारखा.

कौमुदीला वाटायला लागलं दवाखानाच बरोबर नाही. "दीदी, पाँच हफ्ते हो गए। आप लोग कुछ और क्यों नहीं लगाते?" निवेदिता दीदीने सर्जनला बोलावलं.

सर्जनने एक बारीक सळई माझ्यात घालून पाहिली. माझा तळ किती उरलाय ते त्याला कळलं आणि मलाही. अंगठ्यामागचं हाड अगदी जवळ होतं, मधे कागदाएवढा पडदा.

"दो हफ्ते देता हूँ," तो म्हणाला. "साइज़ आधा नहीं हुआ तो अँगूठा और पीछे की हड्डी निकालनी पड़ेगी। हड्डी में चला गया तो फिर पैर का भी कुछ कह नहीं सकते।"

घरी येऊन नरहरी अंगठ्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस तोंड उघडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याने निमूट पाय पुढे केला.

मी जखम आहे, मला ओरडता येत नाही. दुखवता येतं, पण याच्या नसा मेलेल्या. फेस उसळला आणि त्या पडद्याचा एक थर गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेला. चौदातले दोन दिवस असे गेले, देवीदासच्या बाटलीत.

मंगळवारी कौमुदीला ऑफिसात सुट्टी मिळेना, म्हणून पहिल्यांदाच पद्मिनी नरहरीला ई-रिक्षातून घेऊन गेली. ती भिंतीशी स्टुलावर बसली, पदर घट्ट धरून. निवेदिता दीदीने पट्टी सोडली, मला पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"काका, खरं सांगा. कोणी उघडतं का?"

"नाही हो दीदी, कोणीच..."

"रोज उघडतात," पद्मिनी म्हणाली.

नरहरी तिच्याकडे वळला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"तुमचा दिवस सोडून रोज. तो लगदा पू आहे म्हणून खरवडतात. फेसाचं औषध टाकतात. ह्यांचे दादा. हे तुमच्यापाशी खोटं बोलून राहिले."

दीदीच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये वाजला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"पाच हफ्ते," दीदी हळू म्हणाली. "काका, पाच हफ्ते मी डोकं फोडून राहिली की माझं काय चुकून राहिलं."

"दादानं मले शिकवलं दीदी," नरहरी पुटपुटला. "लहानाचा मोठा केला. तो काही वाईट व्हावं म्हणून नाही करत."

"मले माहीत आहे नाही करत. पण अंगठा गेल्यावर दादा त्यांचा काढून देणार आहेत का?"

नरहरी हव म्हणाला नाही. एवढीच त्या दिवशीची प्रगती.

दीदीने नवी चकती ठेवली, आणि पद्मिनीला जवळ बोलावून सगळं पुन्हा समजावलं. सुऱ्या काय, म्यान काय, दह्यासारखं दिसेल ते काय. पद्मिनीने हव म्हटलं नाही. प्रश्न विचारले. तीन.

संध्याकाळी घरात कौमुदी कडाडली. "बाबा, आपने झूठ बोला? मैं दीदी पे शक कर रही थी! कल मैं छुट्टी लेती हूँ, बड़े पापा से मैं बात करूँगी।"

"तू नको बोलू पोट्टे, मोठे आहेत ते," नरहरी म्हणाला.

"वही तो प्रॉब्लम है।"

"तू ऑफिसले जा," पद्मिनी भाकरी थापत म्हणाली. "मी आहे."

बुधवार. सात वाजता फाटक वाजलं. पद्मिनीने स्वयंपाकघरातला पाट आणला आणि नरहरीच्या पायासमोर मांडून त्यावर बसली, पाठ त्याच्याकडे, तोंड दाराकडे. मी पट्टीच्या आत होते, चकतीखाली, अंधारात. माझ्या कडेला टाके पडायला सुरुवात झाली होती. दोन होते का तीन, मी मोजत होते.

"नरू, पाय."

कोणी हललं नाही.

"दादा, पाय उघडायचा नाही," पद्मिनी म्हणाली.

चौकटीला नाही. म्हणावं नाही. त्याच्या तोंडावर. आत कुकरची शिट्टी झाली आणि तिघांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही.

देवीदासने तिच्या डोक्यावरून नरहरीकडे पाहिलं. "नरू, हिले मधातून उठव."

"मी नाही उठणार. तो पू नाही दादा. ते औषध आहे. तुम्ही रोज औषध काढून फेकून राहिले."

"नरू!" आवाज चढला. "मी तुह्यासाठी काय नाही केलं? बाप मेला तेव्हा कोण होतं बे तुले? अन् आज ही मले शिकवणार?"

देवीदास वाकला. त्याचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आला, माझ्या पट्टीच्या गाठीवर टेकला. दोन बोटं गाठीत शिरली. मला ती बोटं पाठ होती. आता गाठ सुटणार, आता कापूस, आता फेस. टाके जाणार. मग त्या पडद्यापलीकडे हाड.

पाय मागे गेला.

नरहरीने ओढून घेतला, खुर्चीखाली, चटका बसल्यासारखा. ज्या पायाला खडा कळला नाही, तो पाय.

"दादा, नको."

"काय नको?"

"तुमचा हात नको."

देवीदास तसाच वाकलेला राहिला. मग सावकाश सरळ झाला, पंचा खांद्यावर नीट केला, बाटली उचलली.

"सडा मग," तो म्हणाला. "नवरा-बायको मिळून सडा."

फाटक आपटलं. नरहरी रडायला लागला. पाय वाचेल की नाही म्हणून नाही, दादा गेला म्हणून. मला तेव्हाही त्याचा राग आला. आज थोडा कमी येतो, पण येतो.

पुढचे दहा दिवस कोणी फिरकलं नाही. फॅमिली ग्रुपवर बातमी गेली होती की पद्मिनीने थोरल्या दिराला घराबाहेर काढलं. शारदा मावशीने फोन करून तिला अर्धा तास सुनावलं. पद्मिनीने फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि तांदूळ निवडत राहिली. मधेच "हो मावशी" म्हणायची.

माझ्यासाठी ते दहा दिवस म्हणजे सण होता. पण भीती होतीच. एकदा नरहरी चप्पल न घालता बाथरूमला गेला आणि माझी एक कड उसवली. एकदा कौमुदीला पट्टीतून पिवळं आलेलं दिसलं, तिचा चेहरा उतरला. तिघं त्या डागाभोवती बसली. नरहरीचा हात आपोआप गाठीकडे गेला.

"ताप आहे?" पद्मिनीने त्याच्या कपाळाला हात लावला. "नाही. पाय लाल आहे? नाही. सूज? नाही. मग हात मागे घ्या."

त्याने हात मागे घेतला.

आत सुऱ्या एकेक करून गप्प होत होत्या. एक चकती संपली की दुसरी येई, तोवर म्यानं जगत, आणि जगलेलं म्यान आपल्या सुरीवर जाऊन बसे. काही सुऱ्या शेवटपर्यंत ऐकेनात. पण विणणाऱ्यांना आता रात्रीचं विणलेलं सकाळी जागेवर सापडत होतं. माझा तळ वर यायला लागला. हाडावरचा तो कागदाएवढा पडदा चादरीएवढा जाड झाला, मग गोधडीएवढा.

चौदाव्या दिवशी सर्जन आला. निवेदिता दीदीने माझ्यावर नवा कागद ठेवला, गिरवला, आणि दोन आठवड्यांपूर्वीच्या कागदावर धरून ट्यूबलाइटसमोर नेला. पद्मिनी आणि कौमुदी भिंतीला टेकून उभ्या, नरहरीचे डोळे मिटलेले. दीदीने चौकटी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"आधे से कम है सर। थोड़ा ही कम, पर कम है।"

सर्जनने सळई घालून पाहिली. यावेळी ती लवकर टेकली.

"ठीक है, रुकते हैं," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

एवढंच. एका अंगठ्याचा निकाल चार शब्दांत लागला. पद्मिनीने डोळ्याला पदर लावला आणि निवेदिता दीदीने ट्रे उगाच दोनदा पुसला.

मग पोळा आला. गल्लीत पोरं मातीचे नांदिया बैल ओढत होती, आणि घरी पाहुणे आले, कारण सणाला रुसवा चालवून घेत नाहीत. शारदा मावशी आली. तिच्या मागून देवीदास आला. हातात बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा डबा होता, तेवढाच. तो सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसला, आणि पायाकडे बघायचं टाळत पंख्याकडे बघत राहिला.

चहा झाला आणि शारदा मावशीने पर्समधून चष्मा काढला. "दाखव रे नरू, किती भरलं ते. इतक्या दुरून आली मी."

नरहरीने पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनी ट्रे ठेवून पुढे आली. बाकी सगळ्यांनी मात्र देवीदासकडे पाहिलं, जुन्या सवयीने. या घराण्यात शेवटचा शब्द कोणाचा, ते अजून बदललेलं नव्हतं. मी पट्टीच्या आत होते. मंगळवारी नवी चकती बसली होती आणि हा दुसराच दिवस होता.

देवीदासला सगळ्यांचे डोळे जाणवले. त्याने ठेठरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, बराच वेळ चावला.

"राहू द्या," तो म्हणाला. "बंद आहे ते बंदच राहू द्या."

शारदा मावशीने चष्मा पर्समध्ये टाकला. त्याने माफी मागितली नाही. पद्मिनीशी बोललाही नाही. जाताना नरहरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. तुम्हाला हे कमी वाटेल, मलाही वाटलं. पण माफीने मी भरत नाही. त्याने हात लावला नाही, त्याने भरते.

आज मी मसुराच्या दाण्याएवढी आहे. आत दोन-चार सुऱ्या असतील, जवळजवळ सगळ्यांवर म्यान चढलंय. तुमच्या ओळखीच्या घरात माझी कोणी बहीण असेल तर तिला बघायला जाऊ नका. दारात विचारा, चहा प्या, घरी जा. आणि पांढरं-पिवळं काही दिसलं तर जिने ते लावलंय तिला फोन करून विचारा. त्यात तुमचा मोठेपणा कमी होत नाही. झाला तर होऊ द्या.

शनिवारी निवेदिता दीदी पट्टी सोडेल. कदाचित मी असेन, कदाचित नसेन. नसले तर बोट लावून चाचपून बघू नका. तिथे नवी कातडी असेल, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. तिलाही थोडे दिवस एकटं सोडा.